एका गाण्याच्या दोन वाटा: सीमाभागात इंटरॅक्टिव्ह म्युझिक व्हिडिओ कसा घडवावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गणपती आणि शिवजयंती जवळ आली की नवी गाणी निघू लागतात. करणारी मुले त्यांना ‘अल्बम साँग’ म्हणतात. राजहंसगडावर ड्रोन उडतो, गोकाकच्या धबधब्यापुढे दोघे उभे राहतात, मंडळाचे झेंडे हलतात आणि गाणे यूट्यूबवर चढते. प्रेक्षकाने ते पाहावे आणि पुढे पाठवावे, एवढेच त्याच्याकडे उरते. या लेखात जी रीत सांगायची आहे तीत प्रेक्षकाच्या बोटाला काम आहे. गाणे चालू असताना त्याने पडद्याला स्पर्श केला, काही निवडले किंवा काही काढले, तर समोरचे चित्र आणि कधी कधी आवाजही बदलतो. अशा व्हिडिओला सर्वजण इंटरॅक्टिव्ह म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.

आम्ही चौघांनी मिळून असा एक व्हिडिओ केला. खानापूर तालुक्यातील एका घरी मराठी ओवी आणि बैलहोंगलकडच्या एका घरी कन्नड त्रिपदी, दोन्ही जात्यावर, दोन्ही एकाच ठेक्यावर, आणि प्रेक्षकाने बोट लावले की एका घरातून दुसऱ्या घरात जायचे, अशी त्याची मांडणी होती. पुढील पायऱ्या त्या कामातून आलेल्या आहेत. त्यांपैकी काही पायऱ्यांवर आम्ही आधी घसरलो होतो.

आधी कोणी काय केले ते पाहून घ्यावे

कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी एक आठवडा जुनी कामे समजून घेण्यात घालवावा. या प्रकाराचे मूळ गाण्यांत नाही, चित्रपटात आहे. १९६७ साली कॅनडातील मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या रादुझ चिंचेरा यांनी ‘किनोआउटोमॅट’ नावाचा प्रयोग दाखवला. चित्रपट मध्येच थांबत असे, सूत्रधार रंगमंचावर येत असे आणि प्रेक्षक खुर्चीला लावलेली लाल किंवा हिरवी कळ दाबून पुढे काय व्हावे ते ठरवत असत. त्यातली मेख अशी की कोणतीही कळ दाबली तरी कथेच्या वाटा थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र येत. त्यामुळे चित्रीकरण आवाक्यात राहिले. ही युक्ती पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

गाण्यांच्या बाबतीत मॉन्ट्रियलचेच व्हिन्सेंट मोरिसे यांचे नाव आधी घ्यावे लागते. त्यांनी २००७ मध्ये आर्केड फायर या वाद्यवृंदाच्या ‘निऑन बायबल’ गाण्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारा व्हिडिओ केला. त्यात माउसने चित्राशी खेळता येत असे. पुढे २०१३ मध्ये त्याच वृंदाच्या ‘रिफ्लेक्टर’साठी त्यांनी प्रेक्षकाच्या हातातला मोबाइल संगणकाच्या पडद्याशी जोडला. २००८ मध्ये जेम्स फ्रॉस्ट यांनी रेडिओहेडच्या ‘हाउस ऑफ कार्ड्स’साठी नेहमीचा कॅमेराच वापरला नाही. गायकाचा चेहरा लेझरने मोजून त्याचे बिंदू काढले, आणि ती माहिती नंतर लोकांसाठी खुली केली, म्हणजे ज्याला हवे त्याने स्वतःचे रूप तयार करावे. या कामातील माहितीची बाजू सांभाळणारे एरन कोब्लिन पुढे दिग्दर्शक क्रिस मिल्क यांच्या जोडीने अनेक प्रयोगांत दिसतात.

या दोघांचे २०१० मधील ‘द वाइल्डरनेस डाउनटाउन’ अनेकांच्या परिचयाचे आहे. प्रेक्षकाने आपण जेथे वाढलो त्या घराचा पत्ता लिहायचा, मग गाणे चालू असताना त्याच गल्लीची छायाचित्रे गूगलच्या नकाशातून येत आणि पडद्यावर एकाहून अधिक खिडक्या उघडत. कल्पना अप्रतिम होती, पण बेळगावच्या शहापूरमधील एखाद्या गल्लीचा पत्ता टाकणाऱ्याला गल्लीचे चित्र मिळणे शक्य नव्हते, कारण रस्त्यांची छायाचित्रे दाखवणारी गूगलची ‘स्ट्रीट व्ह्यू’ सेवा त्या वेळी भारतात नव्हतीच. ज्या माहितीवर आपला व्हिडिओ उभा राहणार आहे ती माहिती आपल्या प्रेक्षकाच्या गावापर्यंत पोचते का, हे सर्वांत आधी तपासावे. त्याच वर्षीच्या ‘द जॉनी कॅश प्रोजेक्ट’मध्ये या दोघांनी लोकांना व्हिडिओची एकेक फ्रेम हाताने चितारायला दिली आणि त्या चित्रांतूनच गाण्याचा चित्रपट तयार झाला.

आमच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी काम वान्या हेमन यांचे ठरले. बॉब डिलन यांचे ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे गाणे १९६५ चे. हेमन यांनी २०१३ मध्ये त्यासाठी टीव्हीसारखा व्हिडिओ केला, ज्यात १६ वाहिन्या आहेत. प्रेक्षकाने कोणतीही वाहिनी लावली, मग ती बातम्यांची असो की खरेदीची, तिच्यावरची माणसे त्याच क्षणीची तीच ओळ गाताना दिसतात. गाणे एकच, ते कोठेही तुटत नाही, फक्त तोंडे बदलतात. त्याच वर्षी फ्रान्सच्या ‘वी आर फ्रॉम एलए’ या दिग्दर्शक जोडीने फॅरेल विल्यम्स यांच्या ‘हॅपी’साठी २४ तासांचा व्हिडिओ केला. चार मिनिटांचे गाणे ३६० वेळा वाजते आणि घड्याळाचा काटा फिरवून दिवसाच्या हव्या त्या वेळेत शिरता येते.

पहिली पायरी: निवड कशाची द्यायची ते ठरवणे

या कामांवरून चार प्रकार ध्यानात येतात: फाटे फुटणारा, समांतर चालणारा, प्रेक्षकाची माहिती घेणारा आणि अनेकांनी मिळून घडवायचा. नवख्या गटाला फाटे फुटणारा प्रकार सोपा वाटतो, परंतु तोच अंगावर येतो. प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय आणि अशी तीन ठिकाणे धरली तर १ + २ + ४ + ८ म्हणजे १५ तुकडे चित्रित करावे लागतात आणि प्रेक्षक त्यांतले चारच पाहतो. चिंचेरांप्रमाणे प्रत्येक निवडीनंतर वाटा पुन्हा एकत्र आणल्या, तर तीन ठिकाणांना १० तुकडे पुरतात. ज्यांना संगणकाची भाषा मुळीच येत नाही त्यांनी हा प्रकार यूट्यूबवर करून पाहावा. व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत ‘एंड स्क्रीन’वर चार घटकांपर्यंत दुवे ठेवता येतात, आणि त्यासाठी व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा असावा लागतो. मात्र दोन व्हिडिओंच्या मध्ये गाणे थांबते, ते थांबणे कथेला चालते, गाण्याला चालत नाही.

निवड गाण्याच्या पोटातून यावी, असे आमचे ठाम मत झाले आहे. नायकाने लाल सदरा घालावा की निळा, हे प्रेक्षकाला विचारले तर तो एकदा बोट लावील आणि सोडून देईल. बेळगावात माणूस भाजीवालीला कन्नडमध्ये भाव विचारतो, घासाघीस मराठीत करतो आणि पैसे देताना हिंदीत सुट्टे मागतो. एका भाषेतून दुसरीत जाणे ही येथे रोजची, नकळत होणारी कृती आहे. तीच कृती गाण्यात बोटाने करायला दिली तर प्रेक्षकाला काही शिकवावे लागत नाही. म्हणून आम्ही समांतर प्रकार घेतला.

दुसरी पायरी: गाणे आणि त्याचे गणित

दोन्ही वाटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत, आणि ते बसवण्याचे काम कागदावर होते. आम्हाला ओवी आणि त्रिपदी यांचे साम्य मोलाचे वाटले. मराठी ओवीचे चरण साडेतीन, कन्नड त्रिपदीच्या ओळी तीन, दोन्ही बायकांच्या तोंडी, दोन्ही जात्यापाशी रुळलेल्या. बैलहोंगलकडच्या बाईंनी मधली ओळ दुसऱ्यांदा घेतली आणि त्रिपदी ओवीएवढ्याच मात्रांत बसली. आम्ही ती युक्ती सुचवली नव्हती, त्यांची गाण्याची रीतच तशी होती.

जात्यावरची ओवी मुळात तबल्याला बांधलेली नसते. दगडाची फेरी हाच तिचा ठेका असतो आणि गाणारी दमली की तो सैल होतो. समांतर व्हिडिओला ही सैलसर लय परवडत नाही, म्हणून केरव्याच्या आठ मात्रा घेतल्या आणि वेग मिनिटाला १०० मात्रा ठेवला. हा आकडा हौसेने निवडलेला नाही. १०० च्या वेगाला एक मात्रा ०.६ सेकंदाची होते, आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २५ स्थिर चित्रांच्या, व्हिडिओत ०.६ सेकंद म्हणजे बरोबर १५ फ्रेम. आठ मात्रांचे एक आवर्तन ४.८ सेकंदांचे, म्हणजे १२० फ्रेमचे. प्रत्येक सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पूर्ण फ्रेमवर पडते, अपूर्णांक उरत नाही. वेग १२० घेतला असता तर एका मात्रेला साडेबारा फ्रेम आल्या असत्या आणि संकलनात अर्ध्या फ्रेमचा हिशेब लावत बसावे लागले असते.

गाण्याची रचना पुढीलप्रमाणे केली: सुरुवातीला ३ आवर्तने नुसता ठेका आणि जात्याची घरघर, मग पाच ओव्या, प्रत्येकी ६ आवर्तनांची, आणि दोन ओव्यांच्या मध्ये ३ आवर्तनांची मोकळी जागा. एकूण ४५ आवर्तने, म्हणजे २१६ सेकंद किंवा ३ मिनिटे ३६ सेकंद. हा तक्ता चौकडीच्या वहीत लिहून भिंतीला लावावा. उभ्या रकान्यात आवर्तनाचा क्रमांक, शेजारी सुरू होण्याचा सेकंद, त्यापुढे मराठी ओळ आणि त्यापुढे कन्नड ओळ. पुढचे प्रत्येक काम या तक्त्यावर बोट ठेवून करायचे असते.

हक्कांची गोष्टही याच टप्प्यावर उरकावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीताचा व संगीताचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो आणि ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. परंपरेने आलेल्या ओवीवर कोणाची मालकी नसली, तरी ती गाणाऱ्या बाईंचा त्यांच्या सादरीकरणावर हक्क असतो. संमतीपत्र त्यांच्या भाषेत लिहावे, घरच्या एखाद्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवावे आणि मानधन चित्रीकरणाच्या दिवशीच हातात द्यावे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर चौंडक्याची (एकतारी तंतुवाद्यावरची) गाणी मराठी व कन्नड दोन्ही भाषांत ऐकू येतात, त्यामुळे तेथे जाऊन असाच व्हिडिओ करण्याचा मोह कोणालाही होईल. त्या गाण्यांमागे देवीला सोडलेल्या अनेक बायकांची फार कठीण आयुष्ये आहेत, तेव्हा त्यांच्याशी बसून बोलल्याशिवाय तेथे कॅमेरा उघडू नये.

तिसरी पायरी: दोन घरे, एकच चौकट

साहित्य थोडे लागते. एक चांगला फोन, तिपाई, कॉलरला लावायचा माइक, आवाज वेगळा मुद्रित करण्यासाठी रेकॉर्डर किंवा दुसरा फोन, आणि ठेका ऐकवण्यासाठी एका कानाचा इअरफोन. दोन्ही घरी तोच फोन वापरावा, म्हणजे रंग आणि भिंगाचा कोन बदलत नाही.

आधी ध्वनिमुद्रित करून ओठ हलवायला लावण्याचा बेत आम्ही दहा मिनिटांत सोडला. सत्तरीच्या बाईंना स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवणे हास्यास्पद वाटत होते, आणि ते दिसतही तसेच होते. मग एका कानात ठेका दिला आणि प्रत्यक्ष गायला सांगितले. पहिली ओवी झाल्यावर त्या म्हणाल्या, “हे कानातलं थांबतच नाही की! आणि एकदा घेऊया.” तिसऱ्या वेळी दगडाची फेरी ठेक्याला लागली, चार मात्रांना एक फेरी, आणि त्यानंतर कानातल्या आवाजाकडे त्यांचे लक्षही नव्हते. प्रत्येक ओवी स्वतंत्र मुद्रित करावी आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला ठेक्याच्या समेवर कॅमेऱ्यापुढे टाळी द्यावी. संकलनात टाळीच्या खुणेवरून ओवी जागेवर बसते, आणि थोडीफार चूक झाली तरी ती त्या ओवीपुरतीच राहते.

चौकट जुळवण्यासाठी आम्ही टेप घेऊन बसलो. जात्याच्या मध्यापासून कॅमेऱ्याचे अंतर, जमिनीपासून भिंगाची उंची आणि खुंट्याची चौकटीतील जागा ही तिन्ही मापे पहिल्या घरी वहीत लिहिली. तिपाईच्या पायांच्या जागी रांगोळीचे ठिपके काढले, कारण खडूची खूण सारवलेल्या जमिनीवर टिकत नव्हती. दुसऱ्या घरी त्याच मापांनी ठिपके काढून तिपाई उभी केली. उजेडाची वेळही तीच ठेवावी, आम्ही दोन्हीकडे सकाळी नऊ ते साडेदहा ही वेळ घेतली. खानापूरच्या कौलारू घरात जात्यातून नाचणीचे तांबूस पीठ पडत होते आणि काळ्या मातीतल्या घरात ज्वारीचे पांढरे. बोट लावले की पीठाचा रंग बदलतो, हे आम्ही ठरवलेले नव्हते, आणि प्रेक्षक सर्वांत आधी त्याच्याविषयी बोलतात.

फोनची मांडणी हाताने करावी. वेग सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवावे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे या मापाला ट्यूबलाइटचा थरथराट येत नाही. एक्स्पोजर, फोकस आणि पांढऱ्या रंगाचा समतोल हे सर्व कुलूपबंद करावे. येथेच आमची मोठी चूक झाली होती. पहिल्या खेपेस फोनच्या मूळ कॅमेरा ॲपनेच मुद्रण केले. अनेक फोन उजेड कमी-जास्त झाला की फ्रेमचा वेग आपल्या आपण खालीवर करतात, आणि हे पाहताना कळत नाही. संकलनात पहिली ओवी जुळली, तिसरीला ओठ किंचित मागे पडू लागले, आणि पाचवीला बाईंचे तोंड मिटल्यावर शब्द ऐकू येत होता. मॅन्युअल कॅमेरा ॲप वापरावे, आणि तरीही प्रत्येक फाइल ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून काढून घ्यावी. आवाज सर्वत्र ४८ किलोहर्ट्झवर असावा.

जागा निवडताना कानाने निवडावी. वडगाव, खासबाग, शहापूर भागात मागाचा खडखडाट दिवसभर भिंतीतून येतो, आणि तो ठेक्याच्या मध्ये असा घुसतो की नंतर काढता येत नाही. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसाळ्यात कौलांवरचा पाऊस कोणत्याही माइकला हार मानायला लावतो. जून ते सप्टेंबर सोडून द्यावेत.

चौथी पायरी: दोन चित्रे एका फाइलमध्ये

ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. साधा विचार असा सुचतो की पानावर दोन व्हिडिओ एकावर एक ठेवावेत, दोन्ही एकाच वेळी चालू करावेत आणि बोट लावल्यावर वरचा लपवावा. नव्या लॅपटॉपवर हे चालते. जुन्या फोनवर दोन व्हिडिओ एकाच वेळी उलगडताना एक जण मागे पडतो आणि एवढ्या कष्टाने जुळवलेली सम तेथे विस्कटते.

त्याऐवजी दोन्ही चित्रे एकाच व्हिडिओत एकाखाली एक चिकटवावीत. प्रत्येक चित्र ९६० बाय ५४० चे घेतले तर जोडचित्र ९६० बाय १०८० चे होते. हे माप साधे फोनही सहज पेलतात. ‘डाविंची रिझॉल्व्ह’ या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत ९६० बाय १०८० ची टाइमलाइन करून वरच्या अर्ध्यात मराठी घर आणि खालच्या अर्ध्यात कन्नड घर ठेवावे, किंवा ‘एफएफएमपेग’ या मोफत सॉफ्टवेअरच्या ‘व्हीस्टॅक’ फिल्टरने दोन फाइली जोडाव्यात. आता चित्र एकच आहे, त्यामुळे एक वाट मागे पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

आवाजासाठीही अशीच युक्ती आहे. स्टीरिओ आवाजाला डावी व उजवी अशा दोन बाजू असतात. डाव्या बाजूला मराठी गाणे पूर्ण मिसळून ठेवावे, उजव्या बाजूला कन्नड. दोन्ही मिश्रणे मोनो, म्हणजे एकाच बाजूची, असावीत आणि ठेका व जात्याची घरघर दोन्हींत अगदी सारख्या पातळीवर असावी, नाहीतर भाषा बदलताना सगळे घरच लहान-मोठे झाल्यासारखे वाटते. फाइल काढताना एच.२६४ कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत), सेकंदाला चित्राला १.५ मेगाबिट आणि आवाजाला १९२ किलोबिट ठेवावे. आवाजाचा आकडा फार खाली नेला तर एका बाजूची ओळ दुसऱ्या बाजूत पुसट झिरपू लागते. ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय न विसरता लावावा, त्यामुळे फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि फाइल पूर्ण उतरण्याची वाट न पाहता गाणे सुरू होते. २१६ सेकंदांची अशी फाइल साधारण ४६ एमबीची होते.

पाचवी पायरी: पान तयार करणे

येथे एचटीएमएल, सीएसएस आणि थोडी जावास्क्रिप्ट लागते. गटात एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी असला तर दोन संध्याकाळींचे काम आहे. १६ बाय ९ प्रमाणाची एक चौकट करावी आणि तिच्या बाहेर गेलेला भाग लपवावा. आत व्हिडिओ चौकटीच्या पूर्ण रुंदीचा ठेवला की त्याची उंची आपोआप चौकटीच्या दुप्पट होते आणि वरचा अर्धा दिसतो. बोट लावल्यावर व्हिडिओ स्वतःच्या उंचीच्या ५० टक्के वर सरकवला की खालचे घर समोर येते. दोन चित्रांच्या जोडावर दुसऱ्या चित्राची बारीक रेघ दिसते, कारण व्हिडिओ दाबताना रंग शेजारी पसरतात. सीमा इथेही झिरपतेच, असे आमच्यातला एक जण म्हणाला. प्रत्येक चित्र संकलनातच एक-दोन टक्के मोठे करून त्याच्या कडेला काही महत्त्वाचे ठेवू नये, आणि पानावर चौकट दोन-तीन पिक्सेल आत घ्यावी, म्हणजे रेघ झाकली जाते.

आवाज वेगळा करण्यासाठी ब्राउझरमधील ‘वेब ऑडिओ’ ही आवाज हाताळण्याची सोय वापरावी. व्हिडिओचा आवाज ‘चॅनल स्प्लिटर’मध्ये सोडून डावी व उजवी बाजू वेगळी करावी, प्रत्येकीला स्वतःचा ‘गेन’ (आवाज कमी-जास्त करण्याची कळ) द्यावा आणि निवडलेली बाजू दोन्ही कानांना पाठवावी. बदल एकदम केला तर टक् असा आवाज येतो, म्हणून ६० ते ८० मिलिसेकंदांत एक उतरवावी आणि दुसरी चढवावी. व्हिडिओची फाइल आणि पान एकाच पत्त्यावर असावे. फाइल परक्या पत्त्यावरून आणली तर ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने चित्र दाखवतो आणि आवाज मुका करतो.

भाषा नेमकी कधी बदलायची, यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. ताबडतोब बदलली तर शब्द मध्येच तुटतो. पुढच्या समेपर्यंत थांबवले तर प्रेक्षकाला जास्तीत जास्त ४.८ सेकंद वाट पाहावी लागते, आणि बटण बिघडले असे समजून तो पुन्हा पुन्हा बोट मारतो. शेवटी असे ठरले की चित्र तत्क्षणी बदलावे आणि आवाज पुढच्या मात्रेवर. मात्रा ०.६ सेकंदाची असल्याने उशीर त्याहून अधिक होत नाही, बोटाला उत्तर लगेच मिळते आणि कानाला ठेका सांभाळल्याचे समाधान. व्हिडिओची चालू वेळ ०.६ ने भागून पुढचा पूर्णांक घेतला की ती मात्रा सापडते. वेग १०० ठेवल्याचा फायदा येथे पुन्हा होतो.

दोन बारीक गोष्टी विसरल्या की काम फसते. ब्राउझर स्पर्शाशिवाय आवाज सुरू करू देत नाहीत, म्हणून पहिल्या पडद्यावर सुरू करण्याचे मोठे बटण हवे आणि वेब ऑडिओ त्याच स्पर्शात जागे करावे. आयफोनवर व्हिडिओच्या टॅगला ‘प्लेज-इनलाइन’ हा गुणधर्म लावला नाही तर तो पूर्ण पडदा व्यापतो, आणि मग आपली अर्धी चौकट जाऊन दोन्ही घरे एकाखाली एक उघडी पडतात.

आधी कोणती भाषा?

तंत्राचा नसलेला, पण आपल्या भागात टाळता न येणारा प्रश्न हा आहे. दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर असावी यावर जेथे मोर्चे निघतात, तेथे व्हिडिओ कोणत्या भाषेत उघडतो हे लोक पाहणारच. आम्ही पान उघडताना नाणेफेक लावली, म्हणजे कधी मराठी घर आधी येते, कधी कन्नड. बटणावर ‘मूळ’ आणि ‘अनुवाद’ असे शब्द कोठेही नाहीत, कारण कोणतीच ओळ दुसरीचा अनुवाद नव्हती. दोन्ही बायकांनी माहेराविषयी गायले, आपापल्या ओव्यांतून. सुरुवातीच्या तीन आवर्तनांत दोन्ही लिपींत एकच सूचना येते, ‘बोट लावा, दुसऱ्या घरी जा’, आणि पहिल्या ओवीपूर्वी ती नाहीशी होते. ओळी खाली लिहून दाखवायच्या असतील तर मराठी गाण्याखाली कन्नड लिपीत अर्थ आणि कन्नड गाण्याखाली देवनागरीत अर्थ द्यावा.

सहावी पायरी: परक्याच्या हातात देणे

व्हिडिओ घरच्या वाय-फायवर पाहून समाधान मानू नये. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, खानापूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला फोन द्यावा आणि काहीही न सांगता गप्प उभे राहावे. आमच्या पहिल्या आवृत्तीत सहाजणांपैकी चौघांनी बोटच लावले नाही, कारण सूचना पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात होती आणि अंगठा नेमका तिच्यावर होता. सूचना मध्यभागी आणल्यावर अडचण मिटली. एका आजोबांनी बोट लावले, कन्नड ऐकले, परत मराठीवर आले आणि मग प्रत्येक ओळीला आलटून-पालटून बोट मारत राहिले. तसा वापर आम्हाला सुचलाच नव्हता. घाईने मारलेल्या स्पर्शांमुळे आवाजाचे बदल एकावर एक साचू नयेत, म्हणून शेवटचा स्पर्श तेवढा धरावा, ही सुधारणा त्यांच्यामुळे झाली. जांबोटीकडे नेटवर्क अशक्त असते, तेथे फाइल किती वेळात सुरू होते तेही घड्याळ लावून पाहावे.

पान ठेवण्यासाठी ‘गिटहब पेजेस’सारखी मोफत जागा सुरुवातीला पुरते. तेथे एक फाइल १०० एमबीपेक्षा मोठी चालत नाही आणि महिन्याला सुमारे १०० जीबी वाहतुकीची मर्यादा आहे, म्हणजे ४६ एमबीच्या हिशेबाने दोन हजारांच्या आसपास पूर्ण प्रेक्षण. गाणे व्हॉट्सॲपवर पसरले तर हा आकडा एका आठवड्यात संपतो, तेव्हा मंडळाच्या वर्गणीतून होस्टिंगची सोय आधीच पाहून ठेवावी. दुवा इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्येही उघडून पाहावा, कारण तेथील वागणूक कधी कधी वेगळी असते.

ज्यांना जॉनी कॅशच्या प्रकल्पासारखे लोकांनी मिळून घडवायचे आहे त्यांनी फ्रेमचा हिशेब आधी करावा. २१६ सेकंदांच्या गाण्याच्या ५,४०० फ्रेम होतात. सेकंदाला पाचच चित्रे ठेवली तरी १,०८० लागतात. दोन-तीन शाळांच्या चित्रकलेच्या तासांत एवढे होऊ शकते, मात्र सर्व कागद एकाच आकाराचे आणि कोपऱ्यात जुळणीच्या खुणा छापलेले हवेत.

जपणूक

यूट्यूबवर एकेकाळी ‘ॲनोटेशन’ होते. व्हिडिओवर ठेवलेल्या चौकटीला स्पर्श केला की दुसरा व्हिडिओ उघडत असे, आणि कितीतरी जणांनी त्यावर फाटे फुटणाऱ्या कथा रचल्या होत्या. १५ जानेवारी २०१९ पासून ती सर्व दिसेनाशी झाली. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस संपला आणि त्यावर उभी असलेली सुरुवातीच्या काळातील कामे ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. आपल्या पानाचेही केव्हातरी असे होऊ शकते, म्हणून मूळ चित्रीकरण, दोन्ही आवाजांची वेगळी मिश्रणे, चौकडीच्या वहीचे छायाचित्र आणि पानाचा मजकूर दोन हार्ड डिस्कवर दोन वेगळ्या घरी ठेवावा. यूट्यूबसाठी एक सरळ चालणारी आवृत्तीही काढावी, जीत एक ओवी या घरची आणि एक त्या घरची येते, आणि वर्णनात पानाचा दुवा द्यावा.

गाणाऱ्यांच्या घरी पेनड्राइव्हवर पूर्ण पान देण्यात अर्थ नसतो. इंटरनेटशिवाय ते उघडले की वर सांगितलेल्या कारणाने आवाज मुका होण्याची शक्यता असते, आणि टीव्हीला पान कळत नाही. त्यांना दोन साध्या एमपी४ फाइली द्याव्यात, एक मराठीची आणि एक कन्नडची, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने त्या लागतात. खानापूरच्या आजींनी टीव्हीपुढे बसून आधी बैलहोंगलची फाइल लावायला सांगितली.